पाच नंबरची निळी जर्सी: कापड पास, स्टिकर नापास

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जर्सी छापायचा धंदा कबड्डी अन् टेनिस बॉल क्रिकेटच्या भरवशावर चालतो. नमुन्यांच्या फाइलमध्ये वाघ आहे, सिंह आहे, बैलजोडीसुद्धा आहे. फुटबॉलचं नाव नाही. तरी मी बसस्टँडकडच्या एका दुकानात आमच्या पोट्ट्यांच्या फुटबॉल टीमसाठी सोळा जर्सी टाकल्या. रंग जपानच्या टीमसारखा निळा, अन् पाच नंबरच्या पाठीवर ‘नागातोमो’.

दुकानदार म्हणे, "सर, हे कोन व्हय? सगळे मेस्सी-रोनाल्डोच छापून राहिले. यानं गोल किती मारले?"

डिफेन्डरबद्दल हा प्रश्न विचारायचाच नसतो. पण त्याचा कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून सांगत बसलो. युतो नागातोमो, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूनं बचाव करणारा, उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चारचौघांएवढीच. मेइजी विद्यापीठात पाठीच्या दुखण्यानं बाहेर बसला, तर स्टँडमध्ये आपल्याच टीमसाठी ढोल वाजवत होता. २००८ मध्ये एफसी टोकियोकडून व्यावसायिक झाला अन् त्याच वर्षी देशाकडूनही खेळला. २०१० च्या वर्ल्ड कपात कॅमेरूनचा गोल मारणारा मोठा खेळाडू एटो, त्याला यानं पुढं सरकू दिलं नाही. जपाननं ती मॅच १-० नं काढली. पुढच्या जानेवारीत हेच दोघं इटलीतल्या इंटर मिलान क्लबच्या एका ड्रेसिंग रूममध्ये! त्याच्या दोनच दिवस आधी, २९ जानेवारी २०११ ला, दोहात आशिया कपची फायनल होती. एक्स्ट्रा टाइममध्ये, पाय गळून जायच्या वेळेला, हा डावीकडून सुटला, क्रॉस टाकला, तादानारी लीनं तो हवेतच मारला. ऑस्ट्रेलिया खलास. तेव्हा तो इटलीत सेसेनाकडे होता, तिथून इंटरनं उचलला अन् सात वर्षं ठेवला. मग तुर्कीत गलातासराय, फ्रान्समध्ये मार्सेय, २०२१ ला परत टोकियो. २०२२ ला कतारमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी केस रंगवून, जर्मनीला हरवणाऱ्या टीममध्ये. तो त्याचा चौथा वर्ल्ड कप.

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "बाही हाफ का फुल?"

तर आता माल. कापड डॉट निट पॉलिस्टर, ३२० रुपये नग. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा जाड कापड अंगाला चिकटून बसते. हे हलकं आहे, घाम लवकर सुकतो. निळा रंग अन् छातीवरचं गावाचं नाव सबलिमेशननं छापलेलं. यात गरमीनं रंग धाग्यातच मुरतो, म्हणून कितीही धुवा, जसाच्या तसा.

बोंब आहे ती पाठीवर. प्रत्येक नगाची वेगळी फाइल करायचा कंटाळा, म्हणून नाव-नंबर सबलिमेशनमध्ये न घेता हीट प्रेसनं स्टिकर चिकटवले. आमच्या घरी कपडे हापशीजवळच्या दगडावर आपटून धुतात. थोड्याच धुण्यात कोपरे उचलले. नागातोमोचा ‘ना’ गेला, आता पाठीवर ‘गातोमो’ आहे. दुकानदारानं फुकटात पुन्हा लावून दिलं, बोलणं गोड आहे भाऊचं, पण लावलं काय? स्टिकरच. मापातही मिडियम खांद्यात आवळते, मोठ्या पोरांना एक साइज वरची सांगा.

पाच नंबर टीममधल्या सगळ्यात बुटक्या पोट्ट्याला दिला. आधी डिफेन्सला उभा राहा म्हटलं की तोंड वाकडं करायचा. आता डावीकडून इतका वर पळतो की मागं मैदान रिकामं अन् गोल आमच्यावर. तो दोष दुकानाचा नाही.

पाचपैकी तीन स्टार. ऑर्डर देताना नाव-नंबर सबलिमेशनमध्येच पाहिजे असं बिलावर लिहून घ्या, अन् ॲडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका.