दोन्ही शेड सारख्याच दिसतात, पेंटर म्हणाला आणि आम्ही मान डोलावली
बेडरूम रंगवायची होती आणि आम्ही दोघं दोन शेडमध्ये अडकलो, दोन्ही ऑफव्हाइटच, एकीत पिवळ्याची झाक अन् दुसरीत राखाडीची, शेडकार्डावर बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यात काय कळणार डोंबल. पेंटर म्हणाला भिंतीवर पट्टे मारून दाखवतो. दाखवले कधी तर रात्री, पिवळा बल्ब लावून. तसल्या पिवळ्या, २७०० केल्विनच्या उजेडात राखाडी शेडपण पिवळसरच दिसते, दोन्ही पट्टे जुळे भाऊ. "बघा, काही फरक नाही, कुठलीपण घ्या." तरी आम्ही राखाडीच सांगितली आणि वॉशेबल इमल्शनचे, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसता येणाऱ्या रंगाचे, पैसे आधीच देऊन मोकळे झालो.

कामाला आला तेव्हा रंग बादलीत कालवलेला. डबे कुठायत विचारलं तर म्हणे गाडीत. दोन हात मारून झाले, सकाळी खिडकी उघडली तर भिंत पिवळट! फोन केला, म्हणे वाळला की बसेल. आता इमल्शन वाळल्यावर जरा गडद होतो हे खरंय, म्हणून मीपण गप्प बसलो, पण गडद होणं वेगळं आणि राखाडीचा पिवळा होणं वेगळं, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

दोन महिन्यांनी स्विचपाशी डाग पडले, ओल्या फडक्यानं पुसले तर रंगच फडक्यावर आला, खडूसारखी भुकटी. मग टचअपसाठी ठेवलेला त्याचा एक लिटरचा डबा काढला. दुकानात मशीनवर कलर मिक्स करतात तेव्हा डब्यावर स्टिकर लावतात ना, शेडचा कोड, बेस वगैरे, तो बघितला तर कोड आमचाच. म्हणजे खरा माल एवढाच, दाखवायला! लावून बघितला तर भिंतीवर हातभर राखाडी ठिगळ. बाकी भिंतीला कुठल्यातरी साइटवरचं उरलेलं डिस्टेंपर, म्हणजे स्वस्तातला खडूसारखा रंग, फासलं असणार, असा माझा अंदाज. आम्ही नेमक्या सारख्या दिसणाऱ्या शेड काढल्या हेच त्याच्या पथ्यावर पडलं, निळा सांगितला असता तर पिवळा मारायची छाती झाली नसती.

हॉलच्या वेळी मी दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून घेतले, वाळल्यावर सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघितले, सीलबंद डबे समोर उघडायला लावले, स्टिकरचे फोटो काढले आणि एकाच शेडचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करायला लावले, कारण वेगवेगळ्या वेळी मिक्स केलेल्या डब्यांतपण थोडा फरक येतो. अर्थात पेंटर दुसरा.

पहिल्याला ठिगळाचा फोटो पाठवला होता. उत्तर आलं, "फोटोत कलर बरोबर येत नाही साहेब, रात्री लाइट लावून बघा."