नवतप्यात मिक्सिंगचं मशीन: आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी, पाच पंख्यांचा पॅक

लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्यांचा हंगाम एप्रिल-मे, आणि विदर्भात पारा ४५च्या वर चढतो तोही तेव्हाच. टिनाखालच्या दुकानात दुपारी ४२ अंश असतील तर पंखा लावा की लिक्विड कूलर (नळ्यांतल्या द्रवाने उष्णता वाहून नेणारा), कॉम्प्युटरचा प्रोसेसर ४२च्या खाली येणार नाही. दोन्ही शेवटी उष्णता खोलीतल्याच हवेत सोडतात. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ६५वर चालणारं मशीन त्याच कामाला मे महिन्यात ८५ दाखवतं, तेव्हा बिघाड शोधत बसू नका. आधी केसमधून, म्हणजे कॅबिनेटमधून, वारा नीट वाहता करा. त्यासाठी हा पॅक घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

पंखे १२० मिमीचे, वेग २०० ते १८०० आरपीएम. पंखा किती हवा फेकतो त्यापेक्षा यांचा २.२ मिमी पाण्याचा स्थिर दाब, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद, आपल्याकडे जास्त कामाचा, कारण पुढे धूळजाळी लावल्याशिवाय इथे गत्यंतर नाही आणि दाब कमी असलेला पंखा जाळीमागे नुसताच फिरतो. पीएसटी म्हणजे प्रत्येक पंख्याच्या पिनलाच पुढच्या पंख्याची पिन जोडता येते; पाचही पंखे मदरबोर्डच्या एका हेडरवर (पंख्याची पिन लावायच्या जागेवर) चालतात, वेगळा हब लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: आरपीएम फक्त एकाच पंख्याचा दिसतो. बाकीच्यांपैकी एखादा थांबला तर स्क्रीनवर कळणार नाही, महिन्यातून एकदा डोळ्यांनी बघायचं.

पुढे तीन आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर असतं, तिकडून हवा बाहेर पडते. वरच्या छताला पुढच्या कोपऱ्यात पंखा बसवू नका. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत जायच्या आधीच तो उपसून टाकतो. ग्राफिक्स कार्ड २०० वॉटच्या पुढचं असेल तरच पाचवा पंखा छताला, अगदी मागच्या बाजूला.

जोडणी झाली की उदबत्ती लावून मागच्या पीसीआय पट्ट्यांच्या (कार्डांच्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या) फटींजवळ धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर उत्तम. आत ओढला गेला तर बाहेर फेकणारा पंखा जोरात आहे आणि जाळी चुकवून फुफाटा फटींतून आत जातोय. त्याचा वेग कमी करा. त्यासाठी मागचा पंखा साखळीत न घेता वेगळ्या हेडरवर ठेवलेला बरा.

कापूस वेचणीपासून जिनिंग संपेपर्यंत गावात तंतू उडत असतात. टॉवर कूलरचा (प्रोसेसरवरच्या उभ्या कूलरचा) पंखा धरून ठेवणाऱ्या दोन तारेच्या क्लिपा काढून पंखा बाजूला करा: मागे कूलरच्या पत्र्यांवर करड्या नमद्यासारखा थर बसलेला दिसेल. पंखा वरून स्वच्छ दिसतो म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातली हवा तर मारूच नका, त्या टाकीत पाणी आणि तेल असतं. जाळी हंगामात दर पंधरवड्याला धुवायची आणि सावलीत पूर्ण वाळवूनच लावायची.

डेझर्ट कूलरने खोली थंड होते तेवढा प्रोसेसरही होतो, पण त्याचा झोत थेट केसवर नको. खारपाणपट्ट्यात तर अजिबात नको. उडालेल्या थेंबांचा पांढरा क्षार बोर्डावर बसतो. पाच-सहा फूट दूर, झोताच्या रेषेबाहेर ठेवा.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) उन्हाळ्यासाठी पंख्यांच्या वेगाची वेगळी पट्टी करा: प्रोसेसर ५५ अंशांपर्यंत ४५ टक्के, ७० ला ७० टक्के, ८० ला पूर्ण. पुढचा आवाज चढ-उतार करत असेल तर वेग बदलण्याची मुदत तीन-चार सेकंदांवर न्या. १००० आरपीएमच्या आसपास हे पंखे थोडे गुणगुणतात, त्या वेगावर स्थिर ठेवू नका.

राहिला लिक्विड कूलर. ६५ वॉटच्या प्रोसेसरला चांगला टॉवर कूलर आणि हे पंखे एवढ्यावर भागतं. २५० वॉट ओढणारा प्रोसेसर असेल तर लिक्विड घ्या, पण ३६० मिमी रेडिएटरचाच. रेडिएटर (द्रव थंड करणारी जाळी) छताला, म्हणजे नळ्यांतली हवा वर साचते आणि पंप कोरडा पडत नाही. पुढे लावायचा असेल तर रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर यायलाच हवं. मात्र पंप बंद पडला तर मिनिटभरात मशीन तापून बंद होतं, आणि तालुक्याच्या दुकानात पंप मिळत नाही. १२० मिमीचा पंखा मिळतो. आणि पाचवा छताला लावला नसेल तर तो आधीच तुमच्या कपाटात आहे.