परदेशी कर्मचाऱ्यांचे पेरोल सांभाळणारी सेवा: पगारात चोख, नोकरी संपताना कच्ची

आपली नोंदणीकृत कंपनी नसलेल्या देशात माणूस कामावर घ्यायचा, तर एकतर तिथे उपकंपनी काढावी लागते किंवा ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ प्रकारची सेवा घ्यावी लागते. या सेवेत कायद्याच्या दृष्टीने नोकरी देणारी ती संस्था असते आणि रोजचे काम आपण सांगतो. पूर्णवेळ आपल्याच सूचनेनुसार काम करणाऱ्याला ‘फ्रीलान्सर’ म्हणून नोंदवण्याची पळवाटही अनेक कंपन्या शोधतात. पण तपासणीत तो कर्मचारीच ठरला, तर थकलेला कर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी दंडासह भरावी लागू शकते. हा धोका नको म्हणून आमच्या कंपनीने जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्राझीलमधील सहकाऱ्यांसाठी अशी एक सेवा घेतली. तिच्याशी असलेला रोजचा व्यवहार मी सांभाळते.

पगाराच्या बाबतीत या सेवेला नाव ठेवायला जागा नाही. ब्राझीलचे पेरोल किचकट आहे: दरमहा पगाराच्या 8 टक्के रक्कम एफजीटीएस या निधीत कर्मचाऱ्याच्या नावे जमा करावी लागते, तेरावा पगार (वर्षाला एका महिन्याचा जादा पगार) दोन हप्त्यांत, म्हणजे 30 नोव्हेंबर आणि 20 डिसेंबरपर्यंत, द्यावा लागतो आणि वार्षिक रजेच्या पगारावर एक तृतीयांश जादा रक्कम द्यावी लागते. आम्ही आठवण न करता हे सारे वेळेवर झाले. नेदरलँड्समध्ये पगाराच्या किमान 8 टक्के सुट्टीभत्ता कायद्याने द्यावा लागतो आणि तो बहुधा मे महिन्यात एकरकमी दिला जातो. त्याची तरतूद ही सेवा दर महिन्याच्या बिलात वेगळी दाखवते, त्यामुळे हिशेब विभागाला मे महिना अवघड जात नाही. पगारचिठ्ठीतील प्रत्येक कपातीचे स्पष्टीकरण कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत मिळते, आणि माझ्या मते ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे, कारण आपल्या पगारातून काय कापले जाते हे समजणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे.

नोकरी संपवण्याची वेळ आली, तेव्हा मात्र चित्र बदलले. जर्मनीतील एका सहकाऱ्याने या सेवेच्या पोर्टलवर डिजिटल सहीने राजीनामा दिला, पोर्टलने तो स्वीकारला आणि शेवटच्या दिवसाची तारीखही दाखवली. जर्मन नागरी संहितेच्या कलम 623 नुसार राजीनामा असो, बडतर्फी असो वा परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा करार, तो कागदावर हाताने सही केलेलाच लागतो. इलेक्ट्रॉनिक स्वरूप कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे. सेवेच्या स्थानिक तज्ज्ञांच्या हे उशिरा लक्षात आले, सहीचे पत्र टपालाने त्यांच्या जर्मन कार्यालयात पोहोचले तेव्हा कुठे नोटीस कालावधी सुरू झाला, आणि नव्या नोकरीची तारीख ठरवून बसलेल्या त्या सहकाऱ्याला विनाकारण मनस्ताप झाला. तिन्ही देशांसाठी एकच अर्ज वापरण्याची सोय अशा ठिकाणी घातक ठरते, आणि केवळ अनुपालनासाठीच, म्हणजे स्थानिक कायदे नीट पाळले जावेत यासाठीच, शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून ही चूक मला गंभीर वाटते.

जर्मनीबाबत आणखी एक प्रश्न करार करण्याआधीच विचारायला हवा. तिथे दुसऱ्या कंपनीच्या सूचनेनुसार काम करण्यासाठी माणूस पुरवणे हे मनुष्यबळ पुरवठ्याच्या कायद्याखाली येऊ शकते. त्यासाठी संघीय रोजगार संस्थेचा परवाना लागतो आणि एकाच ग्राहकाकडे एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे सलग 18 महिनेच ठेवता येते. परवाना नसेल, तर काम करवून घेणारी कंपनीच कायद्याने मालक ठरण्याची शक्यता असते, म्हणजे जी जबाबदारी टाळण्यासाठी पैसे मोजले तीच अंगावर येते. विक्री प्रतिनिधीने हे मुद्दे स्वतःहून मांडले नव्हते. तसेच परदेशातील कर्मचारी आपल्या वतीने नियमितपणे करार पक्के करत असेल, तर त्या देशात आपले ‘कायमस्वरूपी आस्थापन’, म्हणजे करासाठी तिथे कायमचा व्यवसाय, आहे असे मानून कंपनीच्या नफ्यावर कर लागू शकतो. पगार कोणाच्या नावाने निघतो यावर ते अवलंबून नसते. हा धोका ही सेवा उचलत नाही, आणि करारात तसे लिहिलेलेही आहे, पण फार आतल्या पानावर.

शुल्क दर कर्मचाऱ्यामागे ठरावीक आहे. त्याशिवाय सुरक्षा ठेव द्यावी लागते, आणि बिलातील विनिमय दर बाजारातील दरापेक्षा आपल्याला महाग पडेल असा लावलेला असतो. हा फरक वेगळ्या ओळीत दाखवावा, ही आमची मागणी अजून मान्य झालेली नाही.

एखाद्या देशात मोजकी माणसे असतील, तर उपकंपनीपेक्षा ही सेवा नक्कीच सोयीची आहे. नेदरलँड्स आणि ब्राझीलसाठी आम्ही करार वाढवला आहे. जर्मनीसाठी मात्र परवान्याची प्रत आणि नोकरी संपवण्याची लेखी कार्यपद्धती हाती येईपर्यंत नवी नेमणूक थांबवली आहे.