इंजेक्शन की लेझर? मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडल्यावर

गोव्यात साखळीजवळ आमच्या मामांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. पावसाळ्याआधी त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर कोळिष्टकं तरंगू लागली. नंबर वाढला असेल म्हणत दोन महिने गेले. मग कळलं, मधुमेहाने दोन्ही पडदे बिघडलेत. उजव्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवून थोडं रक्त सांडलेलं, डाव्यात पडद्याच्या मध्यावर सूज. ‘लेझर किंवा इंजेक्शन, घरी विचार करून सांगा,’ असं सांगून आम्हाला पाठवलं. विचार कशाचा करायचा, ते राहूनच गेलं.

ही पाळी गोव्यात आणखी अनेक घरांवर येणार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४.

आधी आशेचं बोलू. सुजेमुळे अंधुक झालेली नजर डोळ्यात टोचायच्या इंजेक्शनने बरीच सुधारू शकते. लेझर मुख्यतः आहे ती नजर राखतं, गेलेली आणत नाही. पडद्याचा जो भाग पूर्ण मेला, तो यातल्या कशानेच जिवंत होत नाही. थेंबांनी, काढ्याने किंवा ‘स्टेम सेल’ने गेलेली नजर परत आणू म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका.

मध्यावर सूज येऊन नजर कमी झाली असेल, तर फारसा पेच नाही. पहिलं पाऊल इंजेक्शनचंच. पेच आहे तो औषधाचा. बेव्हासिझुमॅब मुळात कॅन्सरचं औषध, बहुतेक देशांत डोळ्यासाठी अधिकृत नोंद नसतानाही जगभर वापरलं जातं आणि सर्वांत स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट महाग. २०१५ साली अमेरिकेत या तिघांची तुलना झाली. नजर थोडीच कमी असलेल्यांत तिन्ही औषधं सारखी ठरली. नजर ६/१५ (निरोगी डोळ्याला १५ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून वाईट असलेल्यांत पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट पुढे राहिलं. म्हणजे महागडं औषध सगळ्यांनाच लागतं असं नाही. आपली नजर किती, हे आधी विचारा. मात्र एका सुईने भागत नाही. त्या अभ्यासात पहिल्याच वर्षी नऊ-दहा सुया लागल्या.

खरी ओढाताण उजव्या डोळ्याची, नव्या रक्तवाहिन्यांची. लेझरमध्ये पडद्याच्या कडेला हजाराहून अधिक बारीक ठिपके भाजतात, एक ते तीन बैठकांत. कडेचा भाग खर्ची घालून मधला वाचवायचा. त्याची किंमत म्हणजे बाजूचं दिसणं आणि कमी उजेडातलं दिसणं थोडं घटतं. कुळागरात भर दुपारीही सावलीच, त्यामुळे मामांना हेच जास्त टोचलं. इंजेक्शनवर राहिलेल्यांची नजर दोन वर्षांनी लेझरवाल्यांपेक्षा कमी नव्हती, बाजूचं दिसणंही जास्त शाबूत होतं.

कागदावर इंजेक्शन जिंकतं. पण मध्येच सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झालेल्या रुग्णांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तेव्हा लेझर झालेल्यांपेक्षा नुसत्या इंजेक्शनवाल्यांचे डोळे वाईट अवस्थेत सापडले. औषध ओसरतं, रक्तवाहिन्या पुन्हा उगवतात. आता आपलं वर्ष डोळ्यांपुढे आणा: पावसाळा, चतुर्थी, सुपारीची काढणी, सोबतीला यायला कोणी मोकळं नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर स्कूटर चालवता येत नाही, कदंबाच्या बसने यायचं तर सोबत कोणीतरी हवंच. तारखा पाळणं जमणार नसेल तर लेझर करून घ्या, असं माझं सरळ मत.

स्टिरॉइडचं इंजेक्शनही असतं. ते मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढवतं, म्हणून सहसा नंतरचा पर्याय. सांडलेलं रक्त विरत नसेल किंवा पडदा ओढला जात असेल, तर मात्र ऑपरेशन.

कुठे जायचं? गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात) खर्च कमी, पण बांबोळीला सकाळ रांगेतच जाते. खाजगीत तारीख लवकर मिळते, बिल मात्र प्रत्येक सुईला. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर तुमचं औषध त्यात बसतं का, हे पहिल्या सुईआधी विचारा. ऑपरेशनसाठी एकदा बेळगाव-मुंबई परवडेल. दर महिन्याच्या सुईसाठी घराजवळचाच डॉक्टर बरा.

सुई टोचताना डोळा बधिर करतात, दुखणं थोडंच. पुढच्या काही दिवसांत डोळा लाल होऊन दुखू लागला आणि दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर एकेक तास मोलाचा.

मामांनी उजव्या डोळ्याला लेझर आणि डाव्याला इंजेक्शन घेतलं. तिसरी सुई चतुर्थीच्या आदल्या दिवशी आली. मामी म्हणाल्या, गणपतीवरची फळांची माटोळी आम्ही बांधू, तुम्ही जाऊन या.