एफएनच्या एका बटणावर अडलेला लॅपटॉप: स्क्रीन रीडरसह अनेक महिने वापरल्यानंतर

मदरबोर्ड बदलून लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमधून परत आला. चार्जिंगची तक्रार मिटली होती, सुरूही पहिल्यासारखा झटकन होत होता. पण फाइलचं नाव बदलायला एफ२ दाबलं तर आवाज कमी व्हायला लागला. ऑल्ट-एफ४ने विंडो बंद व्हायच्या ऐवजी माइक बंद. एफ८ला हात लागला की एअरप्लेन मोड आणि इंटरनेट गायब. सगळ्यात वाईट एफ१. ते दाबलं की स्पीकर म्यूट, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मुका, आणि स्क्रीन रीडर मुका झाला की माझ्यासाठी लॅपटॉप बंद पडल्यातच जमा.

बिघाड कुठलाच नव्हता. नव्या बोर्डाबरोबर बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममधलं) एक सेटिंग कारखान्यातून येतं तसं झालं होतं: वरच्या ओळीतली बटणं आधी आवाज, ब्राइटनेस वगैरेची, आणि एफएन (फंक्शन) बटण धरून दाबली तरच एफ१ ते एफ१२. डोळ्यांनी काम करणाऱ्याला यात फारसं काही वाटणार नाही. मी मात्र माउसला हात लावत नाही, सगळं काम बटणांवर चालतं, आणि त्यातलं निम्मं त्या वरच्या ओळीवर.

म्हणून हा अनुभव प्रामुख्याने एफएनबद्दल आहे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांचं तुम्ही आधीच वाचलं असेल, ते सगळं चांगलंच आहे. बॅटरी पुरते. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए, त्याच्या शॉर्टकटमध्ये 'एनव्हीडीए' म्हणजे त्याच्यासाठी ठरवलेलं बटण, इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक. एनव्हीडीए-शिफ्ट-बी दाबलं की किती टक्के उरली ते कळतं. स्पीकर बोलण्यासाठी स्पष्ट आहेत.

एफएनची खरी अडचण समजून घ्या. कंट्रोल, शिफ्ट, कॅप्स लॉक ही बटणं दाबली की विंडोजला कळतं, आणि विंडोजला कळलं की स्क्रीन रीडरलाही कळतं. एफएन मात्र कीबोर्डच्या आतच, त्याच्या कंट्रोलरपाशी हाताळलं जातं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते विंडोजपर्यंत पोचतच नाही. एनव्हीडीएत इनपुट हेल्प नावाची फार उपयोगी सोय आहे: एनव्हीडीए-१ दाबा, मग कुठलंही बटण दाबलं तरी ते काम न करता नुसतं आपलं नाव आणि काम सांगतं. नवा कीबोर्ड हाताखाली आला की मी पहिल्यांदा हेच करते. त्यात एफएन दाबलं, तर काहीच ऐकू येत नाही. जणू ते बटण तिथे नाहीच.

बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केप दाबलं की एफएन लॉक, म्हणजे वरच्या ओळीचं आधी कोणतं काम हे, बदलतं, माझ्या लॅपटॉपवरही बदलतं. पण बदललं हे सांगायला फक्त एक बारीक दिवा. कॅप्स लॉक आणि नम लॉकसाठी विंडोजमध्ये टॉगल कीज आहे, चालू-बंद झालं की वेगवेगळा बीप वाजतो. एफएन लॉकला तो बीप नाही, कारण विंडोजला त्याचा पत्ताच नाही. शिवाय माझ्या लॅपटॉपवर एफएन-एस्केपने केलेला बदल मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की जातो. कायमचा करायचा तर बायोसमध्ये जावं लागतं, आणि बायोसमध्ये स्क्रीन रीडर चालत नाही. विंडोज सुरूच झालेलं नसतं, मग बोलणार कोण?

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "मॅडम, लॅपटॉप ओके आहे, आम्ही पूर्ण टेस्ट केलाय," असं उत्तर आलं. मी म्हटलं, बायोसमधलं सेटिंग आधी होतं तसं करून द्या, तुमच्याकडून आल्यावरच बदललंय. "एफएन लॉक दाबा ना, त्यावर लाइट लागतो, बघून घ्या." मला दिसत नाही हे मी दुसऱ्यांदा सांगितलं. "मग घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा." ही तक्रार मी लेखी दिली आहे, आणि ती एका कर्मचाऱ्याविरुद्ध नाही. त्यांच्या तपासणीच्या यादीत 'ग्राहकाची सेटिंग्ज परत लावली का' ही ओळच नसावी, असं त्या बोलण्यावरून वाटलं. मदरबोर्ड बदलताना बायोसचं सेटिंग जाणारच, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मग परत देताना विचारायला हवं होतं.

शेवटी बी माय आइज ॲप वापरलं. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं हे ॲप २०१५ पासून चालू आहे: व्हिडिओ कॉलवर एक डोळस स्वयंसेवक येतो आणि तुमच्या कॅमेऱ्यातलं तुम्हाला वाचून सांगतो. लॅपटॉप सुरू होताना एफ२, मग उजवा बाण, मग खाली, मग एंटर, मग एफ१०, असं एकेक पाऊल त्या व्यक्तीने वाचून दाखवलं आणि काम झालं. अनोळखी माणसाचे मनापासून आभार. पण माझ्या पैशाच्या यंत्रातलं एक सेटिंग बदलायला मला परक्याचे डोळे मागावे लागले, ही गोष्ट मनातून जात नाही. काही कंपन्या हेच सेटिंग विंडोजमधल्या त्यांच्या ॲपमध्ये देतात. तसं असेल तर स्क्रीन रीडरने बदलता येतं. विकत घेण्याआधी हे जरूर विचारा.

आता एनव्हीडीएबद्दल, कारण इथे माझं मत वापरता वापरता बदललं. सुरुवातीला मी वेगळा मोठा कीबोर्ड जोडूनच बसायचे. नमपॅडची (उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांची) सवय होती, इन्सर्ट अंगठ्याखाली होतं, आणि लॅपटॉपचा कीबोर्ड केवळ प्रवासापुरता असं धरून चालले होते. इन्सर्ट या लॅपटॉपवर स्वतंत्र नाहीच. मग एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये कॅप्स लॉकला एनव्हीडीए बटण केलं आणि लेआउट (शॉर्टकटची मांडणी) डेस्कटॉपवरून लॅपटॉप केला. पहिले काही दिवस हात अडखळत होते. डेस्कटॉप लेआउटमध्ये सलग वाचन इन्सर्ट-खाली बाण, इथे कॅप्स लॉक-ए. चालू ओळ कॅप्स लॉक-एल. हे अंगवळणी पडलं आणि मोठा कीबोर्ड कपाटात गेला. बोटं मधल्या ओळीवरून हलतच नाहीत, मांडीवर लॅपटॉप घेऊनही पूर्ण वेगाने काम होतं. खरोखरचं कॅप्स लॉक हवं असेल तर तेच बटण दोनदा पटकन दाबायचं. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, नवीन शिकत असाल तर पहिल्यापासून लॅपटॉप लेआउटच धरा.

एनव्हीडीए फुकट आहे म्हणून ते कमी असेल असं मानणारे अजून भेटतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी त्याचं काम सुरू केलं, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि दोघेही अंध. ज्यांना नमपॅड नसलेल्या कीबोर्डची अडचण ठाऊक होती, त्यांच्या कामात लॅपटॉपसाठी वेगळा लेआउट आहे. त्याशेजारी हार्डवेअर कंपनीने एफएन लॉकला साधा बीप दिलेला नाही, हे ठेवून बघा.

लॅपटॉप लेआउटलाही एका जागी एफएनच आडवं येतं. स्टेटस बार, म्हणजे विंडोच्या तळाची माहितीची पट्टी, वाचायचा शॉर्टकट एनव्हीडीए-शिफ्ट-एंड. माझ्या लॅपटॉपवर एंड म्हणजे एफएन अधिक उजवा बाण. म्हणजे कॅप्स लॉक, शिफ्ट, एफएन आणि उजवा बाण, चार बटणं एकदम. त्यातलं एफएन नीट दाबलं गेलं नाही तर उरतं ते एनव्हीडीए-शिफ्ट-उजवा बाण, आणि तो शॉर्टकट आहे एनव्हीडीएचा नेव्हिगेटर स्क्रीनवरच्या पुढच्या घटकावर (ऑब्जेक्टवर) नेण्याचा. स्टेटस बार ऐकायला गेलात आणि नेव्हिगेटर भलतीकडे गेला. एनव्हीडीएच्या इनपुट जेश्चर्समध्ये, म्हणजे शॉर्टकट बदलायच्या जागी, जाऊन मी हा शॉर्टकट सोप्या जोडीवर नेला. ही माहिती जेश्चर्स डॉट आयएनआय फाइलमध्ये राहते, ती जपून ठेवा, दुसऱ्या मशीनवर नेता येते.

वेब वाचताना मात्र एफएनची गरजच पडत नाही. एचने शीर्षक, केने लिंक, टीने तक्ता, ईने लिहायची जागा, शिफ्ट धरलं की उलट दिशेने. तक्त्यात कंट्रोल-ऑल्ट आणि बाण. लांबलचक पान असेल तर एनव्हीडीए-एफ७ने सगळ्या लिंकांची यादी उघडते, आणि इथे पुन्हा तीच वरची ओळ येते. सेटिंग गेलं होतं तेव्हा हे दाबलं की यादीऐवजी प्रोजेक्टरचा मेनू उघडायचा.

वरच्या ओळीचा आणखी एक दोष, जो कुठल्याही रिव्ह्यूत सापडणार नाही: एफ४ आणि एफ५मध्ये, एफ८ आणि एफ९मध्ये फट नाही. मोठ्या कीबोर्डवर चार-चारचे गट असतात, बोटांना लगेच कळतात. इथे बारा बटणं एकसलग पट्टीत आहेत. मी एफ५ आणि एफ८वर उंचवट्याचे छोटे स्टिकर लावलेत. डिलीटला चिकटून पॉवरचं बटण आहे, ते विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'काहीही करू नका' वर ठेवलं.

कोपायलटच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय सहाय्यकाच्या, बटणावर मी आधी चिडले होते. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं आणि माझ्या लॅपटॉपवर ते आलं थेट मेनू बटणाच्या जागी. उजव्या क्लिकचा मेनू उघडायला मग शिफ्ट-एफ१०, म्हणजे परत वरची ओळ. पण हे बटण आतून विंडोज-शिफ्ट-एफ२३ पाठवतं, आणि मायक्रोसॉफ्टच्याच फुकट पॉवरटॉइजमधल्या कीबोर्ड मॅनेजरने त्याला मेनू बटण करता आलं. विंडोजपर्यंत पोचणारं बटण कसंही असलं तरी त्याचा मार्ग काढता येतो. त्यामुळे ती तक्रार मागे घेते.

लॅपटॉप मी विकणार नाही, नवाही घेणार नाही. हा अजून बरीच वर्षं चालेल आणि तो पुरा वापरल्याशिवाय टाकणं मला पटत नाही. पाचपैकी तीन देते. कापलेले दोन्ही एफएनचे. कंपनीला लिहिलं आहे: एफएन लॉक चालू-बंद होताना दोन वेगळे बीप द्या, आणि हे सेटिंग विंडोजमधून बदलता येऊ द्या. 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे' एवढंच उत्तर आलंय. पुढचं उत्तर आलं तर इथेच भर घालीन. तोपर्यंत दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर पावतीवरच लिहून घ्या की बायोसमधली फंक्शन बटणांची सेटिंग आधीसारखी करून द्यायची, आणि लॅपटॉप हातात आला की काउंटरवरच एनव्हीडीए-१ दाबून एफ५ दाबा. ते 'एफ५' म्हणालं तरच सही करा. दुसरं काही म्हणालं किंवा गप्प राहिलं, तर लॅपटॉप तिथेच परत द्या.