ब्रॉल स्टार्स : तिघांच्या टीमचा पहिला महिना

माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आठ दिवस आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी राहिला आणि त्याने माझ्या व माझ्या नववीतल्या मुलीच्या फोनमध्ये 'ब्रॉल स्टार्स' हा खेळ घालून दिला. "मामा, तिसरा माणूस कमी पडतोय," एवढेच कारण त्याने सांगितले. मी पूर्वी पंचवटीतल्या एका मंडळाकडून दहा-बारा वर्षे कबड्डी खेळलो आहे. मोबाइलवरच्या खेळांशी मात्र माझा संबंध मुलांचा फोन काढून घेण्यापुरताच होता. त्या दिवसापासून आज महिना झाला. या काळात आम्ही दोनशेच्या आसपास लढती खेळलो, एक रुपयाही खर्च केला नाही, आणि हा खेळ कसा आहे याविषयी माझे काही मत तयार झाले आहे. महिनाभराचे मत अंतिम नसते हे मान्य करूनच ते इथे नोंदवतो.

फिनलंडमधील हेलसिंकीच्या सुपरसेल या कंपनीने हा खेळ तयार केला आहे. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आणि 'क्लॅश रॉयल' हे तिचे आधीचे खेळ आपल्याकडेही घराघरांत पोहोचले होते. 'ब्रॉल स्टार्स' 2017 मध्ये प्रथम कॅनडात प्रायोगिक स्वरूपात आला. त्या वेळी तो फोन उभा धरून खेळायचा होता. पुढे त्याची मांडणी बदलली आणि 12 डिसेंबर 2018 रोजी तो आडव्या पडद्यासह जगभर उपलब्ध झाला. मैदान वरून दिसते, डाव्या अंगठ्याने पात्र चालवायचे आणि उजव्या अंगठ्याने मारा करायचा. बटण नुसते दाबले तर मारा सर्वांत जवळच्या शत्रूकडे जातो, ओढून सोडले तर आपण धरलेल्या दिशेने जातो. बहुतेक पात्रांजवळ एका वेळी तीन वार असतात आणि ते संपले की पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते. आपले वार शत्रूला लागत गेले की 'सुपर' नावाचा मोठा वार तयार होतो. काही क्षण मारा न करता आडोशाला थांबले तर गेलेली ताकद हळूहळू परत येते. एवढे कळले की खेळता येते आणि हे सगळे मला पहिल्या अर्ध्या तासात कळले.

खरा खेळ समजायला मात्र आठवडा गेला, आणि तो समजला 'जेम ग्रॅब' या प्रकारात. तीन विरुद्ध तीन अशी ही लढत असते. मैदानाच्या मध्यभागी एक खाण असून तिच्यातून ठरावीक अंतराने जांभळी जेम, म्हणजे रत्ने, बाहेर पडतात. एखाद्या टीमकडे दहा किंवा त्याहून अधिक, आणि समोरच्यापेक्षा जास्त, जेम झाली की पंधरा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. ती पूर्ण होईपर्यंत जेम टिकवली तर जिंकलो. मधेच जेम बाळगणारा मेला तर त्याच्याजवळचे सगळे तिथेच जमिनीवर सांडते आणि मोजणी थांबते. नियम इतकाच आहे. कबड्डी खेळलेल्या माणसाला मात्र त्याच्यातली गोम लगेच दिसते. शेवटच्या दोन मिनिटांत चार गुणांची आघाडी असलेला संघ काय करतो? त्याचा चढाईपटू मध्यरेषेच्या पलीकडे जातो, दम घुमवतो, कोणाच्या हाती लागणार नाही इतक्या अंतरावर फिरतो आणि वेळ संपवून परत येतो. प्रेक्षकांना ते कंटाळवाणे वाटते, पण सामना तिथेच जिंकला जातो. जेम ग्रॅबमधले ते पंधरा सेकंद नेमके तसेच असतात. ज्याच्याकडे जेम आहेत त्याने मागे सरायचे, भिंतीआड जायचे, मारण्याचा मोह टाळायचा. आणि बाकीच्या दोघांनी त्याच्या व शत्रूच्या मधे उभे राहून वाट अडवायची. माझी मुलगी पहिले चार दिवस आठ जेम घेऊन पुढे धावत जायची आणि सगळी जेम शत्रूच्या अंगणात सांडून यायची. पाचव्या दिवशी ती आपोआप मागे सरू लागली. तिला कोणी शिकवले नाही. हरण्यातून ते तिच्या लक्षात आले. कोणत्याही खेळाची मांडणी चांगली आहे की नाही हे ओळखण्याची माझी खूण हीच आहे, की नियमच खेळाडूला शहाणे करतात का. या कसोटीवर जेम ग्रॅब पूर्ण उतरतो.

'ब्रॉल बॉल'मध्ये दोन गोल आधी करणारी टीम जिंकते. चेंडू पायात असताना मारा करता येत नाही, हा त्यातला नियम फार विचारपूर्वक केलेला आहे, कारण त्यामुळे चेंडू घेणे म्हणजे निःशस्त्र होणे असते आणि पास देण्याला अर्थ येतो. तिजोरी फोडायचा 'हाइस्ट' आम्हाला साधारण वाटला. 'नॉकआउट'मध्ये मेलेला खेळाडू त्या डावात परत येत नाही, त्यामुळे तिघेही जपून खेळतात आणि लढत रंगते. दहा जणांच्या 'शोडाउन'मध्ये विषारी धूर चारी बाजूंनी आत सरकत येतो आणि शेवटी उरेल तो जिंकतो. तो लोकप्रिय आहे हे मला ठाऊक आहे, पण झुडपात लपून इतर मरण्याची वाट पाहणारा माणूस तिथे पहिल्या तिघांत येतो आणि हे मला पटत नाही.

पात्रांची संख्या ऐंशीहून अधिक आहे. प्रत्येकाला 'ब्रॉलर' म्हणतात. सुरुवातीला शेली मिळते, जिच्या बंदुकीचा मार जवळून जबर आणि लांबून किरकोळ असतो. पुढे अस्वल बोलावणारी निता, सहा गोळ्या सरळ रेषेत सोडणारा कोल्ट, भिंतीवरून सुरुंग फेकणारा डायनामाइक असे एकेक जण हाती येत जातात. एल प्रिमो हा मेक्सिकन कुस्तीगीर आहे. तो लांबून काहीच करू शकत नाही, पण 'सुपर' भरले की उडी मारून शत्रूच्या अंगावर पडतो. माझा जीव जडला तो पोकोवर. त्याचे वाद्य शत्रूला इजा करते आणि त्याचे 'सुपर' सोबत्यांची ताकद भरून काढते. त्याच्या हातून मारले जाणारे शत्रू थोडे असतात, पण तो जिवंत असेपर्यंत टीम उभी राहते. कोणते मैदान आले आहे ते पाहून पात्र निवडावे लागते, हे नवख्यांच्या सर्वांत उशिरा लक्षात येते. मोकळे मैदान असेल तर लांब पल्ल्याची पायपर भारी पडते. झुडपे दाट असतील तर शेली आणि बुल दबा धरून बसतात. भिंती जास्त असतील तर वरून फेकणारे बार्ली आणि डायनामाइक छळतात. तिघांनीही जवळून मारणारी पात्रे घेतली तर लढत सुरू होण्याआधीच हरलेली असते. आम्ही निवडीच्या पडद्यावर आता लढतीइतकाच वेळ घालवतो आणि मला तो भागही आवडतो.

या सगळ्या कौतुकाला एक मोठी अट आहे. अनोळखी सोबत्यांबरोबर हा खेळ अर्धाही उरत नाही. एकट्याने खेळायला बसले की खेळ स्वतःच दोन सोबती जोडून देतो. मुलांच्या भाषेत त्यांना 'रँडम' म्हणतात. भाचा घरी नसताना मी अशा बऱ्याच लढती खेळलो. बारा जेम घेऊन मोजणी चालू असताना कोणी शत्रूच्या अंगणात धावत जाते, आणि त्याला थांबवण्याचे माझ्याकडे काहीच साधन नसते. लढत चालू असताना बोलण्याची सोय नाही. काही ठरावीक चेहरे पाठवता येतात, तेवढ्यावर काम भागत नाही. लहान मुलांना परक्या माणसांच्या शिव्या ऐकाव्या लागू नयेत या दृष्टीने ही मर्यादा मला योग्य वाटते आणि ती तशीच राहावी असेही वाटते. पण त्याचा परिणाम असा, की ज्याच्याकडे ओळखीचे दोघे नाहीत त्याला मी हा खेळ मनापासून सुचवू शकत नाही. ज्याच्याकडे आहेत त्याने मात्र आजच सुरू करावा.

आता फुकट या शब्दाविषयी. खेळ उतरवायला आणि खेळायला पैसे लागत नाहीत हे खरे आहे. पात्रे 'क्रेडिट' साठवून एकेक करून मिळवता येतात आणि पहिल्या महिन्यात त्यांचा ओघ चांगला असतो. मात्र प्रत्येक पात्राची 1 ते 11 अशी पातळी असते आणि ती नाणी व पॉवर पॉइंट वापरून वाढवावी लागते. पातळी वाढली की पात्राची ताकद आणि मारा दोन्ही वाढतात; सातव्या पातळीपासून 'गॅजेट' (बटण दाबून वापरायची जादा करामत) आणि नवव्यापासून 'स्टार पॉवर' (आपोआप लागू राहणारी जादा शक्ती) वापरता येते. म्हणजे समोरचा माझ्याइतकाच कुशल असला, पण त्याचे पात्र नवव्या पातळीचे आणि माझे पाचव्या पातळीचे असले, तर समोरासमोरच्या चकमकीत मी हरणार. कबड्डीत वजनगट असतात ते याचसाठी. पातळी खेळून वाढते तशी पैसे देऊनही लवकर वाढवता येते, आणि या खेळाची सर्वांत कच्ची बाजू मला हीच वाटते. सुरुवातीला ती जाणवत नाही, कारण ट्रॉफी (जिंकल्यावर वाढणारे आणि हरल्यावर कमी होणारे गुण) कमी असताना समोर येणारेही नवखेच असतात. ट्रॉफी वाढतील तशी ती जाणवू लागते, आणि आम्हाला चौथ्या आठवड्यात जाणवली. यावर आम्ही काढलेला उपाय असा, की प्रत्येकाने दोनच पात्रे धरायची आणि सगळी नाणी त्यांच्यावरच लावायची. नव्या पात्राचा मोह पडतो, पण चार पात्रे चौथ्या पातळीवर ठेवण्यापेक्षा एक पात्र आठव्या पातळीवर नेणे केव्हाही चांगले.

नशिबावर उघडणाऱ्या पेट्या कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये खेळातून काढून टाकल्या, याची नोंद पालकांनी घ्यावी. पुढे 2023 मध्ये 'स्टार ड्रॉप' आले. खेळून आणि जिंकून मिळणाऱ्या या वस्तूतून काय निघेल ते आधी ठाऊक नसते, त्यामुळे नशिबाची ती चटक पुरती गेलेली नाही. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला विचारले, की सरकारने बंदी घातली ते खेळ हेच का. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध आहे. 'ब्रॉल स्टार्स'मध्ये तसे काहीच नाही. इथे पैसा जातो तो फक्त खरेदीत, परत येत नाही. त्यातही एक गोष्ट मुलांना नीट समजावून सांगावी लागते. मैदानातली जांभळी जेम आणि दुकानातली हिरवी जेम या वेगळ्या वस्तू आहेत. पहिली त्या लढतीपुरती असते आणि दुसरी रुपये देऊन विकत घेतली जाते. खेळ उघडला की सवलतींच्या पाट्या समोर येतात, त्यांवर उरलेला वेळ पळत असतो, आणि चौदा वर्षांच्या मुलीला ती घाई खरी वाटते. मी दोन्ही फोनवर खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवला आहे. हे काम खेळ उतरवण्याआधी करावे.

लढत दोन-तीन मिनिटांत संपते, हे या खेळाचे बळ आहे आणि धोकाही. काही वर्षांपूर्वी पबजी खेळणारी मुले अर्धा तास जागेवरून उठत नसत. इथे कुकरच्या शिट्टीआधी लढत संपते. पण लढत लहान असल्यामुळे आणखी एक खेळायला काहीच हरकत वाटत नाही, आणि अशा वीस लढती झाल्या की एक तास गेलेला असतो. आम्ही घड्याळ लावून पाहिले, लढतींची संख्या ठरवून पाहिली. दोन लागोपाठच्या पराभवांनंतर फोन खाली ठेवायचा हा नियम टिकला, कारण चिडून खेळलेली तिसरी लढत आम्ही जवळजवळ नेहमीच हरलो.

नेटवर्कबाबत माझा अनुभव ठिकाणागणिक वेगळा आहे. घरच्या वाय-फायवर खेळ सुरळीत चालतो. दिंडोरीजवळ सासऱ्यांच्या द्राक्षबागेत गेलो होतो तेव्हा मात्र पडद्यावर लाल खूण सतत येत होती, मी डावीकडे वळवलेले पात्र क्षणभराने वळत होते, आणि या खेळात तो क्षण पुरेसा असतो. दोष त्या भागातल्या रेंजचा होता. अशा ठिकाणी ट्रॉफी पणाला लावून खेळू नये, सरावाच्या मैदानात नेमबाजी करावी. मुलीचा फोन चार वर्षांपूर्वीचा आणि साधा आहे, तरी त्यावर खेळ अडखळला नाही; सलग अर्धा तास खेळल्यावर तो गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते, एवढेच.

भाचा आता पुण्याला परत गेला आहे. सोफ्यावर तिघे खांद्याला खांदा लावून बसलो असताना जे सहज होत होते, त्याच्यासाठी आता वेगळा फोन लावावा लागतो. रात्री नऊ वाजता मुलगी आईच्या फोनवरून त्याला कॉल करते, स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवते आणि आम्ही टीम जोडतो. काल चौदा जेम माझ्या पोकोकडे होती आणि मोजणी सातवर आली होती. समोरच्या झुडपात एकच शत्रू उरल्याचे दिसत होते, त्याची ताकदही जवळजवळ संपली होती आणि माझा अंगठा मारा करण्यासाठी पुढे गेला होता. टेबलावरून पुण्याचा आवाज आला, "मामा, मागे." मी मागे सरलो. मुलीचा एल प्रिमो माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि सातचे शून्य झाले.