म्हापशात बनवून मिळणारा बोस्टन ब्रेस: ताब्यात घेण्याआधी चालवून बघा

वाढत्या वयातल्या मुलांच्या स्कोलिओसिससाठी, म्हणजे कण्याला बाजूला येणाऱ्या बाकासाठी, गोव्यात म्हापशातल्या एका कार्यशाळेत अंगाचा साचा घेऊन बोस्टन पद्धतीचा ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचं कडक कवच, बनवून देतात. वस्तू म्हणून तो चोख आहे. ४ मिमी पॉलिप्रोपिलीनचं कवच, आत फोमचं अस्तर, पाठीवर तीन वेल्क्रो पट्टे, कडा हात फिरवला तर कुठेही न लागणाऱ्या. कमी पडतं ते फिटिंग. मुलाला आरशासमोर उभं करून पट्टे आवळले की काम झालं असं धरतात. ब्रेसची खरी परीक्षा चालताना असते, आणि तीच घेतली जात नाही.

चालताना खांदे आणि कंबर उलट दिशांना वळतात. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. ही पिळवट कणा सोसतो. स्कोलिओसिसमध्ये मणके बाजूला झुकतात तसे स्वतःभोवती फिरलेलेही असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचं वळण सारखं राहत नाही. बाक सौम्य असेल तर चाल बघून काही कळतही नाही. पण कमरेचे आणि खुब्याचे स्नायू प्रत्येक पावलाला नेहमीपेक्षा जास्त वेळ आवळलेले राहतात, आणि तेवढ्याच अंतराला जास्त ताकद खर्च होते. त्यावर कडक कवच चढलं की कंबर आणखी कमी हलते. एवढं अपेक्षितच आहे.

पण पुढची खालची कड बोटभर जरी लांब राहिली तरी मांडी तिला अडते. पाऊल आखूड पडतं. कदंबच्या, म्हणजे गोव्यातल्या सरकारी, बसची उंच पायरी चढताना मूल पाय बाहेरून फिरवून टाकतं. पाटावर जेवायला बसलं की अख्खा ब्रेस वर सरकतो, काखेत रुततो, आणि आतली गादी, जी बाकावर दाब देते, भलत्याच बरगडीवर दाबू लागते.

म्हणून फिटिंगच्या दिवशी मुलाला खुर्चीवर बसवा. कड आणि मांडी यांत दोन बोटं जागा हवी. मग वीस-पंचवीस पावलं चालवा, एक जिना चढवा-उतरवा, आणि ब्रेस काढून कातडी बघा. गादीखालचा लालसरपणा अर्ध्या तासात गेला पाहिजे. कमरेच्या हाडावर तो टिकला, तर तिथलं प्लास्टिक तापवून बाहेर फुलवून घ्या. आत जादा फोम चिकटवून देतात ते मान्य करू नका, त्याने दाब वाढतोच. गादीच्या विरुद्ध बाजूला पोकळी आहे ना, हेही हात घालून तपासा. कणा सरकायचा तो त्याच पोकळीत.

पावसाळ्यात आत बिनशिवणीचा सुती बनियन, तोही सुरकुती न पडू देता, आणि दिवसातून दोनदा तरी बदललेला. पावडर-क्रीम नको: पावडरचे गोळे होतात, क्रीमने कातडी मऊ पडून सोलवटते. अस्तर रोज पुसून पंख्याखाली वाळवा.

इतका आग्रह ब्रेस रोज किती तास अंगावर राहतो त्यासाठी आहे. अमेरिका-कॅनडातल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा एक्स-रेवर मोजलेला बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांखाली राहिला, न वापरणाऱ्यांत ४८ टक्के. रोज सरासरी १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांत हे यश ९० टक्क्यांच्या वर गेलं. ज्यात धड चालता येत नाही तो ब्रेस कुठलंच मूल १३ तास अंगावर ठेवणार नाही. फुटबॉलला, चवथीच्या फुगडीला मात्र तो खुशाल काढा. पाठीच्या स्नायूंना हालचाल हवीच.

वाढ बाकी असून बाक २५ ते ४० अंशांत असेल, तर हा ब्रेस कामाचा. बाकात सगळ्यात बाहेर गेलेला मणका छातीच्या सातव्या मणक्याच्या वर असेल तर तो पुरा पडत नाही.

कवचाला पाचपैकी चार, फिटिंगला दोन. चार-सहा आठवड्यांनी ब्रेस घालूनच एक्स-रे काढा. बाक निम्म्यावर आलेला दिसावा अशी अपेक्षा असते. पैशांचा शेवटचा हप्ता त्या एक्स-रेनंतर देण्याचं आधीच ठरवा, आणि तोवरच्या दुरुस्त्या किमतीतच धरून घ्या.